फोन कुणाच्या हातात आहे?

(सामुदायिक रेडिओवर शहागड परिसरातल्या महिला गटांसाठी झालेलं भाषण)

 

आज मोबाईलविषयी बोलायचं आहे. मोबाईलनं पोरं बिघडली, मोबाईलनं घरं मोडली, हे तुम्ही रोज ऐकता. तेच मी पुन्हा सांगत बसणार नाही. बँकेचा मेसेज मोबाईलवर येतो, सासरी गेलेल्या लेकीचा चेहरा त्यावर दिसतो, कापसाचा भाव त्यावर कळतो. तो आता घरातून जाणार नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही. मला विचारायचं आहे ते निराळंच. आपण फोन लावतो, मेसेज टाकतो, फोटो पाठवतो, तेव्हा पलीकडं नक्की कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं का?

शहरात एका माणसाचा एक फोन, त्याला कुलूप, कुलपाची खूण ज्याची त्याला माहीत. तिथं नंबर म्हणजे माणूस. आपल्याकडं तसं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडं आहे का. देशभरात ५४ टक्के बायका हो म्हणाल्या. खेड्यात हा आकडा निम्म्याच्याही खाली होता. त्याला आता काही वर्षं झाली, फोन वाढले असतील. पण तुमच्याच गटातल्या दहाजणी डोळ्यासमोर आणा. दोघी-तिघींचा फोन खरोखर त्यांचा. एखादीचा दिवसभर नवऱ्याच्या खिशात असतो. एखादीचा संध्याकाळी लेकाकडं जातो, तो त्यावर खेळतो. एखादीकडं बटणाचा फोन, आणि व्हॉट्सॲप असतं ते दिराच्या फोनवर. वहीत मात्र प्रत्येकीच्या नावासमोर एक नंबर लिहिलेला असतो, आणि आपण समजतो की तो तिचाच.

जुन्या बायकांना आठवत असेल, फोन नव्हते तेव्हा निरोप असायचा. बाजाराला आलेला माणूस निरोप घेऊन गावात जायचा. तो दारातून ओरडून सांगायचा नाही. आधी घरात कोण आहे बघायचा. सासरा ओसरीवर बसलेला असेल तर म्हणायचा, ‘वहिनी, जरा पाणी द्या,’ आणि पाणी देताना हळूच सांगायचा, ‘तुमच्या आईला बरं नाही, येऊन जा म्हणल्यात.’ निरोप कुणासमोर सांगायचा आणि कुणासमोर गिळायचा, याची त्याला जाण होती. मेसेजला ती जाण नसते. ज्याच्या हातात फोन असेल त्याच्यासमोर तो उघडा पडतो. म्हणून ती जाण पाठवणारीनं ठेवायला पाहिजे.

आता गटाच्या ग्रुपचंच बघू. बहुतेक गटांचा, ग्रामसंघाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आहे. बैठकीची तारीख, प्रशिक्षणाचा निरोप, बँकेत कोणती कागदं लागतात, यासाठी तो फार सोयीचा. पण काही ठिकाणी महिन्याच्या शेवटी त्यावर एक यादी पडते. हप्ता कुणाचा राहिला, कुणाचे किती, नावासकट. सचिव ताईचा हेतू वाईट नसतो. प्रत्येकीच्या घरी जायला तिला वेळ कुठून मिळणार? शिवाय नियमित परतफेड हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र, ते तर पाळलंच पाहिजे.

पण थोडं थांबून विचार करा. बैठकीत आपण सगळ्या गोल बसतो. कुणाचा हप्ता राहिला हे तिथं सगळ्यांना कळतं आणि ते बरोबरच आहे. पैसा सगळ्यांचा आहे, जबाबदारी सगळ्यांची आहे. तिथं ती उठून सांगू शकते, की बाई, म्हैस आजारी पडली, पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते देते. तुम्ही चार प्रश्न विचारता, चहा होतो, विषय संपतो. तीच गोष्ट फोनवर गेली की बैठकीची भिंत राहत नाही. ती यादी पहिल्यांदा वाचतो तिचा नवरा, किंवा आठवीतला मुलगा. कदाचित तिनं ते कर्ज माहेरच्या आजारपणासाठी घेतलं असेल आणि घरात सांगितलं नसेल. कदाचित पैसे नवऱ्यानंच उचलून खर्च केले असतील, आणि आता नाव गेलं म्हणून मार तीच खाईल. पुढच्या बैठकीला ती येत नाही. मग आपण म्हणतो, अमकी गटात नियमित नाही.

थकबाकीचं बोलणं समोरासमोर व्हावं. बैठकीत, नाहीतर तिच्या उंबऱ्यापाशी जाऊन. ग्रुपवर फार तर एवढंच टाकावं, की पाच तारखेला बैठक आहे, हप्ते घेऊन या. पासबुकाचे फोटो, आधारकार्डाचे फोटो ग्रुपवर मागवू नयेत. एकीनं टाकला की तो दहाजणींच्या घरी जातो, आणि त्या दहा घरांतल्या सगळ्यांच्या हातात जातो. कागद लागलाच तर ज्या ताईला लागतो तिला एकटीला पाठवावा, आणि काम झालं की दोघींनीही तो काढून टाकावा.

बोलून पाठवायच्या मेसेजबद्दलही थोडं सांगते. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना हा मोठा आधार आहे. पण तो सुरू केला की सगळ्या घराला ऐकू जातो. आपण मोकळेपणानं बोललेलं असतं आणि तिकडं ते चुलीपुढं वाजतं. यावर एक साधी युक्ती आहे. व्हॉट्सॲपवरचा आवाजाचा मेसेज सुरू करून फोन लगेच कानाला लावला, तर तो कानातच ऐकू येतो, बाहेर नाही. ही गोष्ट गटातल्या प्रत्येकीला एकदा हातात फोन देऊन दाखवा. आणि पाठवणारीनं सुरुवातीलाच म्हणावं, ‘शांताबाई, हे एकट्यानं ऐका.’ तेवढ्यानं बरंच भागतं.

तेच स्पीकरचं. भाकरी थापताना हात पिठात असतात, फोन स्पीकरवर टाकावाच लागतो. त्यात गैर काही नाही. फक्त पहिल्या वाक्यात सांगावं, ‘अगं, स्पीकरवर आहेस, आत्याबाई इथंच बसल्यात.’ समोरची सावध होते, आत्याबाईंनाही बोलण्यात ओढून घेते. न सांगता ऐकवणं म्हणजे दाराआड माणूस उभा करून बोलणं काढून घेण्यासारखं आहे. फोनवरचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करून तिसरीला ऐकवणं तर त्याहून वाईट. त्यावरून गटातल्या मैत्रिणींची तोंडं वर्षानुवर्षं एकमेकींकडून फिरतात.

फोटोचंही असंच. बैठकीचा फोटो वरून मागतात, तो द्यावा लागतो. मग फोटो काढायच्या आधी एकदा मोठ्यानं म्हणा, ‘फोटो काढते गं, कुणाला नको असेल तर बाजूला बसा.’ एखादी बाजूला सरकली तर का म्हणून विचारू नका. तिची कारणं तिला ठाऊक. आणि कामासाठी पाठवलेला फोटो स्टेटसला लावायचा असेल तर पुन्हा विचारावं. आधीची परवानगी कामापुरती होती.

आता कामावरचा फोन. आपल्या भागात रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाया पुष्कळ. १ जानेवारी २०२३ पासून या कामांची हजेरी मोबाईलवर घेणं देशभर सक्तीचं झालं, वैयक्तिक लाभाची कामं सोडून. दिवसातून दोन वेळा कामावरच्या मजुरांचा फोटो घेऊन ॲपवर चढवायचा. म्हणजे मजुरी आता खोऱ्या-टोपल्याइतकीच नेटवर्कवरही ठरते. फोटो चढला नाही की दिवस भरूनही हजेरी नाही. अशा ठिकाणी ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात बाकीच्यांचा दिवस. त्यानं फोन चार्ज करून आणणं, दुसऱ्या फोटोची वेळ सकाळीच सांगून ठेवणं, पाणी प्यायला गेलेल्या बाईला हाक मारणं, हे उपकार नाहीत, कामाचाच भाग आहे. आणि फोटो चढला का, हे विचारायला आपणही लाजू नये.

फोन लादला गेला तर काय होतं ते आपल्या अंगणवाडी ताईंनी साऱ्या राज्याला दाखवलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल कार्यालयांत नेऊन परत करायला सुरुवात केली. फोन कमी ताकदीचे होते, तापायचे, बंद पडायचे, आणि त्यावर जे पोषण ट्रॅकर नावाचं ॲप भरायचं होतं ते इंग्रजीत होतं. काम मराठीत करायचं, मुलांची वजनं मराठीत लिहायची, आणि नोंद मात्र न कळणाऱ्या भाषेत. त्या ताईंचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. फोन वापरायला त्यांचा नकार नव्हता. चांगला फोन द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढंच त्या म्हणत होत्या.

पण मग आपण गावातल्या माणसांनी त्यांच्याशी कसं वागायचं? आशा ताईचा नंबर प्रत्येक घरात आहे. रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर जरूर लावा, आणि १०८ वर रुग्णवाहिकेलाही लावा. पण गोळ्या संपल्या, कार्डावर नाव चुकलं, शिबिर कधी आहे, हे विचारायला रात्री दहाला लागोपाठ पाच वेळा फोन लावायची गरज नसते. एकदा लावला, उचलला नाही, तर एक ओळ लिहून ठेवावी किंवा सकाळची वाट बघावी. तिच्याही घरी ताटं वाढलेली असतात. जे साहेब रात्री अकराला ‘तातडीनं माहिती पाठवा’ असं टाकतात, त्यांच्यासाठीही माझं हेच म्हणणं आहे. या कार्यक्रमाचा आवाज कार्यालयांपर्यंत जातो की नाही, कुणास ठाऊक!

ग्रुपवर आणखी एक गोष्ट येते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या गावावरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. त्या रस्त्याच्या दोन टोकांकडची ही गोष्ट आहे. सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत, पोट भरत धुळे जिल्ह्यात गेली होती. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. लोकांना या माणसांचा संशय आला. जमावानं पाचजणांना मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्यांची घरं एका दिवसात उघडी पडली. असले मेसेज पुढं पाठवणाऱ्यांनी हात उचलला नव्हता. घरी बसून बोट तेवढं लावलं होतं. आणि बहुतेकांनी ते काळजीपोटी केलं असेल, आपल्या शेजारणीचं लेकरू जपावं म्हणून.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आता जो मेसेज फार हातांतून फिरून आलेला असतो, त्याच्यावर दोन बाणांची खूण दिसते. ती दिसली की समजा, लिहिणारा कोण हे कुणालाच माहीत नाही. आपल्याकडंही बहुरूपी येतात, गोंधळी येतात, पाल ठोकून राहणारी माणसं येतात, भांडी विकणाऱ्या बाया येतात. त्यांच्याबद्दल काही आलं तर पुढं पाठवू नका. खरंच शंका आली तर पोलीस पाटलांना सांगा, नाहीतर ११२ वर फोन करा.

आता थोडं ऊसतोडीबद्दल, कारण दसरा-दिवाळीनंतर गोदावरीच्या दोन्ही काठांवरून टोळ्या निघतात. लेकरं शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली असतात. चार-सहा महिने आई म्हणजे फोनमधला चेहरा. पण आईचा दिवस कसा? पहाटे फडात, गाडी भरायला कधी रात्री जायचं त्याचा नेम नाही, कोपीत चार्जिंगची सोय नाही, कुठंतरी दुकानात फोन लावून ठेवायचा. इकडं आजीकडं बटणाचा फोन, चेहरा बघायचा तर शेजारच्या पोराच्या फोनवर जावं लागतं. मग लेकरू रोज संध्याकाळी त्या दारात जाऊन उभं राहतं. आज आईचा फोन येईल का?

यावर उपाय अवघड नाही. निघण्याआधीच ठरवून जा. आठवड्यातले दोन वार, एक वेळ. त्या वेळी शेजारणीनं फोन मोकळा ठेवावा, आणि आईनं नाहीच जमलं तर एक मिस कॉल द्यावा. मिस कॉल म्हणजे ‘मी बरी आहे, आज जमत नाही’, एवढं दोन्हीकडं पक्कं असलं की पोर झोपतं. शेजारणींनो, तुमचा फोन त्या लेकरासाठी पाच मिनिटं जातो, तेव्हा तुम्ही जवळ बसून ऐकू नका. थोडं अंगणात जा. पोराला आईजवळ रडायचं असतं.

तुमच्यापैकी ज्या सांगलीकडं तोडीला जातात, त्यांनी कडेगाव तालुका ऐकला असेल. त्याच तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, त्या गावानं एक गोष्ट ठरवली. रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरून भोंगा वाजवायचा. त्यानंतर दीड तास, साडेआठपर्यंत, घरोघरी टीव्ही बंद आणि मोबाईलही बंद. करोनात शाळा मोबाईलवर भरल्या, शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातातून फोन सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार मांडला. आधी बायकांची ग्रामसभा घेतली, आणि मग आशा ताई, अंगणवाडी ताई, निवृत्त शिक्षक घरोघर सांगत फिरले.

बायकांपासून सुरुवात झाली यात मला खरी अक्कल दिसते. कारण सातची वेळ म्हणजे मालिकेची वेळ. पोराला ‘अभ्यास कर’ म्हणायचं आणि आपण टीव्हीपुढं बसायचं, आणि घरातल्या बाप्यानं खाटेवर पडून मोबाईल बघायचा, हे पोरांना बरोबर दिसतं. तिथला भोंगा सगळ्यांसाठी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. त्यांची काळजीही खरी आहे. पण मला वडगावची रीत जास्त पटते. बंदी मुलांपुरती असली की मुलं लपवायला शिकतात, आणि मुलींच्या हातातला फोन तर सगळ्यात आधी काढून घेतला जातो. कॉलेजच्या प्रवेशाचा मेसेज ज्या दिवशी येतो, त्या दिवशी तो तिला कळतच नाही.

नंबरावरून आठवलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले, २०२५ मध्ये त्याचं ई-केवायसी करायची वेळ आली. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आणि तो नंबर कुणाचा? पूर्वी कधीतरी फॉर्म भरताना पुतण्याचा दिलेला असतो, आणि पुतण्या आता पुण्याला. मग त्याला फोन, तो कामावर, ओटीपीची वेळ संपून जाते. पुतण्यावर चिडून उपयोग नाही, त्याचं काम बुडतं. त्यापेक्षा आधार केंद्रावर जाऊन आपला किंवा घरात राहणाऱ्या भरवशाच्या माणसाचा नंबर घालून घ्या. आणि ज्यांच्या फोनवर दुसरीचा ओटीपी येतो त्यांनी तो तिलाच सांगावा, तोही तिनं मागितला असेल तरच. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी मागितला तर देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा, जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

आता तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. गटाच्या वहीत नंबर लिहिलेले असतात ते पान काढा. प्रत्येक नंबरापुढं आणखी दोन गोष्टी लिहा. हा फोन कुणाच्या हातात असतो, आणि तिच्याशी बोलायची बरी वेळ कोणती. कुणी सांगेल सकाळी सातच्या आत, कुणी सांगेल दुपारी, मुलगा शाळेत असतो तेव्हा. एखादी सांगेल, ‘माझ्या नंबरवर गटाचं काहीच पाठवू नका, मी स्वतः येऊन विचारत जाईन.’ तिचंही तसंच लिहून घ्या, आणि ते पान ग्रुपवर टाकू नका.